तुम्हीच पाठवला ना?

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी इथल्याच, तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत काम करतात. प्रकाशाच्या कणांवरून गुप्त निरोप कसे पाठवायचे, हे त्यांचं शास्त्र. पण मी त्यांना व्हॉट्सॅपवर 'चहाला या' असं लिहिलं, की ते जिना उतरून दारात उभे राहतात, मोबाइल माझ्यासमोर धरतात आणि विचारतात, "वहिनी, हा तुम्हीच पाठवला ना?" मी हो म्हटल्याशिवाय चप्पल काढत नाहीत.

एकदा आमच्या ह्यांनी त्यांना छेडलं. "तुमची लाइन एवढी पक्की, मग खाली येऊन कशाला विचारता?"

"लाइन पक्कीच आहे, भाऊ," बशीत चहा ओतत ते सावकाश म्हणाले. "मधे कुणी डोकावलं तर आम्हाला कळतं. पण पलीकडे कोण बसलंय, ते प्रकाशाला काय मालूम? तिथं आधीची ओळखच लागते."

यंदा त्यांची मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि वरच्या घरात ते एकटेच उरले. परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात तेच उभे होते, पण मोबाइल खिशातच होता.

"वहिनी, मेसेज तुम्हीच पाठवला ना?"

मी काहीच पाठवलं नव्हतं. माझा फोन सकाळपासून दुरुस्तीला दिलेला होता. ते माझ्याकडे न बघता पायपुसण्याकडे बघत होते.

"हो, मीच," मी म्हटलं.

त्यांनी चप्पल काढली. मी आत जाऊन चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं.