आवाजाआधीची कोरी जागा

बेलग्रेडच्या रेडिओत एकतीस वर्षं आवाज टिपलेला रातोमिर निवृत्तीनंतर नोवी सादच्या एका लहान गेम कंपनीत लागला, तेव्हा तिथल्या पोरांनी त्याला डोक्यावरच घेतलं. पावलांचा आवाज हवा असला, तर हा बाबा बुटांचे तीन जोड बदलून चालायचा. दार करकरायला हवं, तर गावभर मोडकी दारं हुडकत फिरायचा. त्याच्या कामावर शंका घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सगळी गोची तिथेच झाली.

गेममध्ये गोळी सुटायची आणि आवाज मागाहून यायचा. पाव सेकंदाचाच उशीर, पण खेळाचा विचका करायला तेवढा पुरे. तीन दिवस प्रोग्रॅमर येल्का आपला कोड उसवत बसली होती. तिने फाइली आधीच मेमरीत भरून ठेवल्या, स्पीकर बदलले, कॉम्प्युटरसुद्धा बदलला. उशीर जागचा हलेना. आज दोन वाजता प्रकाशक गेम बघायला येणार होते.

"दोनपर्यंत जमलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," मालक वुकाशिनने सकाळीच सुनावलं होतं.

अकरा वाजता ती रातोमिरकडे आली. "काका, तुमचे कान तिखट. जरा ऐकता?"

गोळी उशिरा. दार उशिरा. पाऊल उशिरा. मग कुत्रा भुंकला, तो मात्र अगदी वेळेवर.

"हा कुत्रा कुठला गं?"

"आमचा गारोव. तुम्ही आजारी होतात ना, म्हणून मीच फोनवर टिपला. वाईट झालाय?"

रातोमिरने आपली एक फाइल उघडून बघितली. रेडिओत प्रत्येक आवाजाआधी तो थोडी कोरी फीत सोडायचा, निवेदकाला श्वास घेता यावा म्हणून. फीत गेली, कॉम्प्युटर आले, पण हाताची सवय सुटली नव्हती. त्याच्या चारशे फाइलींच्या तोंडाशी तीच शांतता होती.

ती गुपचूप कापून टाकता आली असती. कुणाला पत्ता लागला नसता, आणि खापर येल्काच्या डोक्यावर तसंच राहिलं असतं. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी तो उठला आणि सगळ्यांसमोर वुकाशिनपुढे जाऊन उभा राहिला.

"चूक माझी आहे. तिचा कोड बरोबर आहे."

"काका, पोरीला पाठीशी घालू नका."

"अरे गाढवा, माझी एक तरी फाइल उघडून बघ! तीन दिवसांत कुणी उघडली?"

वुकाशिनने उघडली, आणि त्याचा चेहरा उतरला.

कोरी जागा कापणारा छोटा प्रोग्रॅम येल्काने तासाभरात लिहिला. दीड वाजता गोळी सुटली, आवाज सोबतच आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. येल्काने वाजवल्या नाहीत.

"तीन दिवस मी स्वतःलाच मूर्ख समजत होते, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"माफ कर मला, पोरी," रातोमिर लगेच म्हणाला. तरी त्याला ते उशिराच वाटलं.