पाटीला हात कोण लावणार

बायको गेली आणि वर्षाच्या आत माझी नजरही अधू झाली. डॉक्टरांनी टेम्पो बंद करायला लावला. गव्हाणातल्या आमच्या आळीच्या मासे विकणाऱ्या बायका माझ्याच टेम्पोतून पनवेलच्या बाजारात जायच्या. आता त्या भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन नाक्यापर्यंत चालत होत्या. नाक्यावर गाडी मिळायची, पण गावात आत कोणी येत नव्हतं. मासळीचं पाणी गळतं म्हणे. मेव्हणीचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे, गुडघे संपले होते. ती म्हणाली, "भाऊजी, पावसापर्यंत चालंन. मंग धंदा बंद."

त्याच उन्हाळ्यात खांदा कॉलनीकडून एका कॉलेजच्या मॅडम आल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी बॅटरीवरची, ड्रायव्हर नसलेली छोटी गाडी बनवली होती. अशा गाड्या शहरातच पळवतात, खेड्याचा रस्ता कोणी बघत नाही, म्हणून त्यांना आमची आळी ते नाका एवढा रस्ता पाहिजे होता. गावातले म्हातारे हसले. मी हसलो नाही. शाळा चौथीपर्यंत, पण गाडी जन्मभर चालवली. समोर बघायचं आणि वेळेवर थांबायचं, एवढंच काम. यंत्र ते करणार, यात मला शंका नव्हती. टेम्पोच्या शेडमध्येच त्यांना जागा दिली, वीजही दिली.

मेव्हणी पहिल्या दिवशी बसली. "हिला डायवर नाय, मंग भांडायचं कोनाशी?"

"माझ्याशी भांड. मी हाय ना हितं."

गाडी छान गेली. कोंबड्या, रस्त्यावर वाळत घातलेला जवळा, सगळ्याला वळसा घालून नाक्यावर थांबली. मेव्हणी उतरली. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसऱ्या कोणीतरी हात लावावा लागतो. नाक्यावर एक विद्यार्थी उभा होता. पण त्याचे कपडे घाण होतील म्हणून ही पुढे गेलेल्या बाईला बोलवायला धावली. तेवढ्यात त्या पोरानं गाडीचं दार लावलं आणि गाडी पाटीसकट परत फिरली.

"अरं थांबव! माझी पाटी चालली!"

"मावशी, मला वाटलं सामान परत पाठवायचंय."

"कोनाला पाठवू? भाऊजींना आहेर?"

गाडी शेडमध्ये येऊन शहाण्यासारखी उभी राहिली. आत एकटी पाटी. आळी पोट धरून हसली. मागून धापा टाकत आलेली मेव्हणी मात्र रडवेली झाली होती. "नाय जमायचं मला. तुमी उतरून हात लावायचात. हिला हात कुठं हायत?"

बायकोची पाटी रोज मीच उचलून दिली. वजन नीट डोक्यावर आलं की ती "सोड" म्हणायची, तेव्हाच मी सोडायचो. अजून सकाळी कान तिकडेच असतात.

मॅडमनी ओढणी कमरेला खोचली. "मला द्या बघू डोक्यावर." आम्ही दिली. मान डुगडुगली, पाणी कानात गेलं. पाटी उतरवून त्या म्हणाल्या, "पेलता येते हो. वर नेणं कठीण आहे. गाडीत खांद्याच्या उंचीवर फळी असली, तर खाली वाकून डोकं घालाल?"

"घालंन की. पन फळी?"

मी टेम्पोच्या मागच्या फाळक्याकडे बोट दाखवलं. "हा काढा."

"भाऊजी, ताई बसायची त्या टेम्पोचा?"

"ताई असती तर तिनंच हातोडा आणला असता."

फाळका कापून बसवला. नाक्यावर पोचल्यावर पाटीचं वजन फळीवर असेपर्यंत गाडी परत फिरायची नाही, हीसुद्धा सोय मॅडमनी केली. पुन्हा गाडी निघाली तेव्हा मी काठी टेकत आधीच नाक्यावर जाऊन थांबलो होतो. मेव्हणी उतरली, डोक्यावरची चुंबळ सारखी केली, वाकून पाटीखाली डोकं घातलं आणि सरळ उभी राहिली. माझे दोन्ही हात पुढे गेले होते.

"भाऊजी, बाजूला व्हा. बाजार भरला आसंल."

मी बाजूला झालो. पावसात गाडीचं छत गळलं, त्यावरून मेव्हणी मॅडमशी कडाकडा भांडली आणि भिजलेल्या सीटवर बसून धंद्याला गेली.