पोपटानं खाणं सोडलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मित्रांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं त्या मेघनाजवळ — माझ्या धाकट्या बहिणीजवळ — तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाची झाली.

आईवडील गेल्यापासून नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. मेघना तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. तिनं एक इग्वाना पाळला होता — सरड्याच्या जातीचा, पण चांगला हातभर लांब. हिरवागार, म्हणून नाव पोपट. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, किसलेला भोपळा — त्याचं ताट माझ्या ताटाआधी व्हायचं. ती कामावरून आली की तो काचेवर पंजे मारायचा. खांद्यावर चढायचा, आणि तिनं गळ्याखाली बोट फिरवलं की डोळे मिटून घ्यायचा. मला हसू यायचं. मी म्हणायचो, अगं, त्याच्या लेखी तू म्हणजे ऊन खाल्लेली भिंत. सरड्याला कसली आलीय माया? ती वाद घालायची नाही.

एका जानेवारीत ती कंपनीच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेली, महिनाभरासाठी. जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली — काचपेटीतला उबेचा बल्ब बंद पडू द्यायचा नाही. या जनावराला स्वतःची ऊब नसते, दादा.

बल्ब गेला. फोनवर मी सांगून टाकलं, गेला होता, बदलला. का? उद्या आणणारच होतो, म्हणून. मग उद्याचा परवा झाला, आणि परवाचा — असो. थंडी कडक होती. पोपट काळपट पडला, पाल्याला तोंड लावेना. मला ते दिसत होतं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही — दिसत होतं. आणि रविवारी मित्र कर्नाळ्याला पक्षी बघायला निघाले, तर मी त्यांच्याबरोबर गेलो.

संध्याकाळी परत आलो तर पेटी रिकामी. सकाळी पाला ठेवल्यावर झडप लावायची राहिली होती. हॉलच्या खिडकीत अजून ऊन होतं — तिथे तो नव्हता. माझ्या पांघरुणात नाही, फ्रिजच्या मागे नाही. शेवटी मेघनाच्या खोलीत सापडला. तिच्या पलंगावर, ती जाताना टाकून गेलेल्या ओढणीत तोंड खुपसून. गार.

मी दारातच बसलो. हलायचं त्राण नव्हतं त्याच्यात — मग तो तिथवर गेला कसा? आणि ऊन सोडून त्या थंड गादीवर कशासाठी? कदाचित काहीच नसेल. कदाचित सरपटत सरपटत जिथे पोचला तिथे पडला असेल. मला माहीत नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, मी नुसता बल्ब आणायचा चुकवला नव्हता. मी एका जिवाला त्याचं माणूस शोधत मरू दिलं होतं.

पुढचं याहून वाईट आहे. मी त्याला उचलून पेटीत ठेवलं. खाली जाऊन बल्ब आणला — दुकान आमच्याच रस्त्यावर होतं — आणि लावला. मेलेल्या जनावरावर तो पिवळा उजेड पडला. ओढणी धुवायला टाकली. मग फोन केला.

"मेघू, पोपट गेला गं. तू गेल्यापासून त्यानं खाणंच सोडलं होतं. तुझी आठवण काढून गेला."

मी बोललो हे? सरड्याच्या मायेवर इतकी वर्षं हसणारा मी? वाक्य इतकं सहज आलं की माझा मीच हबकलो. जी खूण कदाचित खरी होती ती मी बादलीत बुडवली, आणि तिच्या हाती खोटी दिली.

मग ती म्हणाली, "आईच्या वेळीही मी हॉस्टेलवरच होते, दादा."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? मी म्हणालो, जेवून घे.

त्यानंतर ती कुठे गेली नाही. बडोद्याच्या कारखान्यात वरची जागा मिळत होती, नको म्हणाली. नागपूरचं स्थळ तिला आवडलं होतं, तेही सोडलं. मी गेले की मागे कुणीतरी जातं, म्हणते. हसत म्हणते.

गेल्या आठवड्यात तिची एक मैत्रीण चहाला आली होती. तिला कासव पाळायचंय. या प्राण्यांना खरंच आपला लळा लागतो का, असं तिनं विचारलं.

"लागतो," मेघना म्हणाली. "आमच्या पोपटानं माझ्यापायी खाणं सोडलं होतं." आणि माझ्याकडे वळली. "हो ना रे दादा?"

मी हो म्हणालो, आणि चहा पीत राहिलो.