पाच पौंडांची बाटली

बाटली मोठी घेतली म्हणून गाडी जास्त पळत नाही, ही एकच गोष्ट मोन्सेने गेल्या एकतीस वर्षांत इतक्या जणांना सांगितली होती, की आता सांगताना तो समोरच्याकडे बघतही नसे. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, हुआना दियास गावाहून सालिनासकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. गाडीच्या डिकीत बसवायच्या नायट्रसच्या बाटल्या तो विकायचा आणि भरून द्यायचा. बटण दाबलं की तो वायू इंजिनात शिरतो आणि साधी जुनी गाडीसुद्धा दहा-बारा सेकंद पिसाळल्यासारखी सुटते. पोरं यायची आणि फळीवरच्या सगळ्यात मोठ्या बाटलीकडे बोट दाखवायची.

"स्वयंपाकाच्या गॅसची टाकी मोठी आणली तर शेगडीची ज्योत मोठी होते का?" मोन्से विचारायचा. "टाकी जास्त दिवस जाते, एवढंच. आधी सांग, दिवसात किती शर्यती मारणार?"

पोरं मान डोलवायची, आदराने 'हो डॉन मोन्से' म्हणायची आणि मोठीच बाटली घेऊन जायची. पूर्वी तो चिडायचा. आता त्रेसष्टाव्या वर्षी चिडायलाही अंगात जोर लागतो, आणि तेवढा जोर तो जिना चढण्यासाठी राखून ठेवायचा.

त्याचं ऐकणारं माणूस एकच, त्याची मुलगी यारित्सा. बारा वर्षांपूर्वी तिने जुनी टोयोटा कोरोला घेतली, इंजिन स्वतः उतरवून स्वतः बांधलं, आणि बाटली कुठली लावू म्हणून बापाला विचारलं. मोन्से म्हणाला, पाच पौंड वायूची छोटी पुरे. दहा पौंडी म्हणजे मागे नुसतं लोढणं. सालिनासच्या शर्यतीच्या मैदानावरचे लोक तिला हसायचे. "पर्स आणलीस का गं?" असं तिच्या बाटलीकडे बघून विचारायचे. ती म्हणायची, माझा बाप हेच काम करतो, तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

दर रविवारी दुपारपर्यंत ती बाटली संपत यायची. मग ती वीस मिनिटं गाडी हाणत बापाच्या दुकानात यायची. गरम बाटली नीट भरत नाही, ती आधी फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. बाटली गार होईपर्यंत बापलेक मागच्या खोलीत भात आणि तुरीचे दाणे खात बसायचे. जेवण झालं की बाटली काट्यावर ठेवून, वजन बघत तो भरायचा, आणि ती पुन्हा मैदानावर पळायची. बारा वर्षांत एखाददुसराच रविवार चुकला असेल.

त्या गुरुवारी सकाळपासून वीज नव्हती. फ्रीझर बंद, पंखा बंद, जनरेटरमध्ये तेल नाही, आणि तेल आणायला जायचा मोन्सेला कंटाळा आलेला. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. अकराच्या सुमाराला यारित्साची कोरोला येऊन थांबली, आणि तिच्यामागे एक टेम्पो. टेम्पोतून सांता इसाबेलचा मेकॅनिक गाडिएल उतरला. हा तिची गाडी विकत घ्यायला आला होता.

यारित्साला समुद्रापलीकडे ओरलँडोच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. तिथे घर घ्यायचं तर आधी दोन महिन्यांचं भाडं हातात हवं, आणि विकण्यासारखं तिच्याकडे या गाडीखेरीज काही नव्हतं. आधीची दोन गिऱ्हाइकं बघून गेली ती परत आली नव्हती. मोन्सेला हे सगळं ठाऊक होतं. तेरा वर्षांपूर्वी त्याची बायको बहिणीकडे ओरलँडोला सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही, ती नुसती परत आली नाही. त्यामुळे मुलीने हा विषय काढला की मोन्से वजनकाट्याचं पारडं पुसायला घ्यायचा.

"डॉन मोन्से, गाडी मला आवडलीय," गाडिएल म्हणाला. "पण मी हिला पळताना तीन-चारदा बघितलंय. पहिल्या दोन शर्यती झकास. तिसरीला शेवटच्या टप्प्यात गाडी बसते. दर वेळी तिथेच बसते."

"ते माझ्यामुळे," यारित्सा म्हणाली. "माझा गिअर उशिरा पडतो. पपाला विचार, किती वर्षं सराव करतेय मी."

"तुझा गिअर मी बघितलाय. तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे. उगाच अंगावर घेऊ नकोस." गाडिएल मोन्सेकडे वळला. "माझ्या मते एक तर इंजिन आतून गेलंय, नाहीतर बाटली लहान पडतेय. ही म्हणते, तुम्हीच सांगितलंय की पाच पौंडी पुरे. तुमचा शब्द मला पुरेसा आहे. बाटली पुरत असेल तर दोष इंजिनात आहे, आणि मग मला ही गाडी नको. तेवढं सांगा, मी निघतो."

मोन्से खुर्चीतून उठला नाही. उत्तर त्याला बारा वर्षं माहीत होतं. एवढा जोर मागणाऱ्या इंजिनाला पाच पौंडी बाटली दोन शर्यती नीट देते. तिसऱ्या वेळी आतला दाब उतरतो आणि ऐन शेवटाला गाडीचा दम जातो. दुसऱ्या कोणालाही त्याने डोळे झाकून दहा पौंडी दिली असती, आणि ती दिवसभर पुरली असती.

आता नुसतं "पुरते" म्हटलं की झालं. गाडिएल टेम्पोत बसेल, गाडी इथेच राहील, आणि भाड्याचे पैसे नाहीत म्हणून पोरगी निदान या वर्षी तरी जाणार नाही. रविवारी दुपारी येईल. त्याला ते हवं होतं, इतकं हवं होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"पपा, सांग ना त्याला," यारित्सा म्हणाली. तिचा आवाजही थकलेला होता. इथल्या इस्पितळातली रात्रपाळी करून ती थेट इकडे आली होती.

"इंजिन चांगलं आहे," मोन्से म्हणाला. "तिने बांधलंय, मी बघितलंय. बाटली लहान आहे. या गाडीला दहा पौंडी हवी. पहिल्या दिवसापासून हवी होती."

गाडिएल हसला. "मग माझं काही म्हणणं नाही. दहा पौंडी बसवून द्या, आजच घेऊन जातो." फोन करायला तो रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली गेला. जाताना त्याने बापलेकीकडे एकदा पाहिलं आणि पावलं जरा लांब टाकली.

यारित्सा डिकीला टेकून उभी होती.

"सात वेळा," ती म्हणाली. "सात वेळा मी फायनलच्या आधीच्या शर्यतीत हरले. घरी येऊन रडले. मला वाटायचं माझाच हात जड आहे. तू म्हणालास, नेना, माझ्या पोरी, गिअरचा सराव कर. तू समोर बसून भात खात खात म्हणालास."

"हो."

"लोक मला सांगत होते. मी त्यांच्याशी भांडले, तुझ्यासाठी."

"माहीत आहे."

"मग का?"

मोन्सेला वाटलं काहीतरी कारण सांगावं, बाटलीच्या वजनाचं, जुन्या इंजिनाचं. पण तेवढी ताकद उरली नव्हती.

"दहा पौंडी लावली असती तर तू रविवारी दुपारी आली नसतीस," तो म्हणाला.

मग तिने डिकी उघडली, पट्टे सोडवले आणि पाच पौंडी बाटली काढून जमिनीवर ठेवली. मोन्सेने फळीवरची दहा पौंडी उचलली. गुडघा कटकन वाजला, पण ती मदतीला आली नाही, आणि आली नाही हेच बरोबर आहे असं त्याला वाटलं. त्याने डिकीत वाकून नवे पट्टे बसवले, बाटलीचं तोंड पुढे आणि लेबलाची बाजू वर आली की नाही ते बघितलं, नळी जोडली, पाना घेऊन आवळली. हे काम अर्ध्या तासाचं. त्याला तासभर लागला. बाटली रिकामीच होती, वीज नव्हती, पण गाडिएल म्हणाला, भरायला मी येईन रविवारी.

"नको," मोन्से म्हणाला. "रविवारी दुकान बंद असेल."

गाडिएल गाडी टेम्पोला बांधून घेऊन गेला. यारित्साला घरी सोडायला मोन्सेने आपली पिकअप काढली. ती शेजारी बसली, तोंड खिडकीकडे करून. तिच्या जाण्याबद्दल त्याने आजवर तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

"विमान कधीचं आहे?" त्याने विचारलं.

"रविवारी," ती म्हणाली. थोड्या वेळाने, खिडकीकडून तोंड न वळवता, तिने वेळही सांगितली. "दुपारी."