दुकानापुढचा बाक

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि बाबांजवळ तर नाहीच. त्यांना सांगायचं असं ठरवून कितीदा जव्हारला गेले आणि लोणच्याची बरणी घेऊन परत आले. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जमतंय बहुतेक.

आधी माझं काम सांगते. पुण्यातल्या एका कंपनीत मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. प्रोग्राम लिहिणारे वेगळे. त्यांनी काय लिहायचं ते मी ठरवते. आमचं सॉफ्टवेअर माहितीतली लबाडी पकडतं — कुणी दुसऱ्याच्या नावानं आत शिरलंय का, कुणी घरबसल्या आकडे ठोकून दिलेत का. लोकांची लबाडी पकडणारी मी. हसा हवं तर.

एका संस्थेचं काम येणार होतं. त्यांच्या बायका पाड्यापाड्यावर जाऊन लहान मुलांची वजनं करायच्या आणि फोनमध्ये भरायच्या. आणि भाग कुठला, तर जव्हार-मोखाडा. माझं माहेर! तिकडचं काहीही असलं तर मला विचारा, असं मी मीटिंगमध्ये केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

जव्हारच्या बाजारात बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढे एक लाकडी बाक. पाड्यांवर रेंज नसते, म्हणून या बायका बाजाराच्या दिवशी त्या बाकावर दाटीवाटीनं बसायच्या, बाबांच्या वाय-फायवरून आठवड्याची वजनं पाठवायच्या, आणि मिरची-मीठ घेऊन एसटी गाठायच्या. ते वाय-फाय मीच बसवून दिलेलं. बाबांनी त्याला नाव दिलं — छबी. घरात मला तेच म्हणतात. जामसरकडची सुमन तर बसल्या बसल्या आईला शेंगा सोलू लागायची, आणि मी आलेली असले की माझ्यासाठी पानात बांधून करवंदं आणायची.

हे सगळं मला माहीत होतं. मी कुठे चाललेय ते येतंय ना लक्षात?

संस्थेचे साहेब आले त्या दिवशी आम्ही त्यांचीच माहिती आमच्या सॉफ्टवेअरमधून काढून दाखवली. पडद्यावर नकाशा, आणि जव्हारवर एक लालभडक ठिपका. एवढ्या बायकांची माहिती, एकाच जागेवरून, एकाच दिवशी, धडाधड आलेली. असं दिसलं की कुणीतरी एकटंच बसून सगळ्यांच्या नावानं भरतंय असं समजायचं — हा नियमही माझाच. ठिपक्यावर बोट ठेवलं तर खाली नेटवर्कचं नाव आलं. छबी.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. काम आम्हालाच मिळणार हे तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं. तेवढ्यात आमच्या टीममधल्या निखिलनं विचारलं, याला काही साधं कारण असू शकेल का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिकडचीच ना.

"नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? आमची सगळ्यात मोठी पकड म्हणजे माझ्याच बापाच्या दुकानापुढचा बाक, हे कळलं असतं तर हसले असते सगळे — म्हणून? की तो लाल ठिपका मला आवडला होता? कारणं शोधली की सापडतात. त्यातलं एकही इथे लिहायच्या लायकीचं नाही.

मला वाटलं होतं, चौकशी होईल, कुणीतरी बाकापर्यंत जाईल. कुणी गेलं नाही. सगळ्या बायकांना काढून टाकलं. बाबाच आपण होऊन संस्थेच्या ऑफिसात गेले, या माझ्याच दुकानात बसतात म्हणून सांगून आले. कॉम्प्युटरनं पकडलंय, आम्ही काय करणार, असं त्यांना सांगण्यात आलं. मग त्यांनी मला फोन केला. "छबी, तुझं हेच काम ना गं? कुणाला सांगता येईल का?"

बाबा, ते वेगळं असतं, असं मी म्हणाले. त्यांना ते पटलं. वर ऑफिसच्या वेळेत फोन केला म्हणून तेच ओशाळले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गेलं.

सुमनच्या पाड्यावर बोभाटा झाला, की ही पोरांची खोटी वजनं लिहायची. ज्यांची पोरं तिनं कडेवर घेऊन दवाखान्यात पोचवली होती, त्या आयाही तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती बाजारात यायची थांबली.

दिवाळी झाल्यावर ती मला जव्हारच्या एसटी स्टँडवर दिसली. नवरा, पोरं, गाठोडं. वसईकडे वीटभट्टीवर निघाली होती. मी खांबाआड सरकत होते, पण तिनं पाहिलं. हसली. कधी आलीस, आई बरी आहे ना, असं सगळं विचारलं. मग जवळ येऊन हळू म्हणाली, "छबीताई, मी खोटं नाय लिवलं. तुला तरी पटतं ना?"

"पटतं," मी म्हटलं.

एवढंच बोलले. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते तिथेच राहिलं. गाडी लागली, माणसं दारावर तुटून पडली. मी तिचं गाठोडं उचललं आणि खिडकीतून आत टाकून तिच्यासाठी जागा धरली. ती आत जाऊन बसली, आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघून हात हलवत राहिली.

तेवढंच केलं मी तिच्यासाठी. जागा धरली.