पंधरा मिनिटांचं पत्रक

आमच्या विभागात एक पत्रक होतं आणि ते मी तयार केलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागले की वाचणाऱ्याने मला त्याची आठवण करून द्यावी.

विभाग बंगळूरला, इंदिरानगरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव, आम्ही नुसतं ‘क्रायसिस’ म्हणायचो. ज्यांना जगणं नकोसं झालंय, किंवा डोक्यातले आवाज आवरेनासे झालेत, अशा माणसांना घरचे तिथे आणत. आठवडाभर त्यांच्या जिवाला जपायचं, औषध लागू पडलं की घरी पाठवायचं, एवढंच आमचं काम. आठ खाटा, आणि मी तिथली नर्सिंग सुपरवायझर. मी निपाणीकडची. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत रागावता येतं, म्हणून ती जागा मला मिळाली असावी.

नियम असा होता की दर पंधरा मिनिटांनी नर्सने प्रत्येक पेशंटजवळ जाऊन, त्याच्याकडे नीट बघून, तो कसा आहे ते लिहायचं. पूर्वी पोरी वाक्यंच्या वाक्यं लिहीत बसायच्या. मी त्याचं कोष्टक केलं. ‘शांत’, ‘अस्वस्थ’, ‘आक्रमक’, ‘झोपेत’, अशा चार रकान्यांपैकी एकात खूण, शेजारी सही, आणि पानाच्या तळाशी सुपरवायझरची सही. अख्खा माणूस मी चार रकान्यांत बसवला म्हणून माझा सत्कार झाला. एक प्रमाणपत्र आणि कुंडीतलं रोपटं मिळालं. रोपटं महिन्याभरात वाळलं. पत्रक मात्र बहरत गेलं.

ते कसं बहरलं तेही सांगते. दर पंधरा मिनिटांनी आठ माणसांकडे बघायचं म्हणजे दुसरं काहीच करता येत नाही. म्हणून आमच्या सीनियर नर्सने एक युक्ती काढली. सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या ती दुपारी दोनपर्यंतची सगळी पत्रकं भरून मोकळी व्हायची. तिचं कसब वाखाणण्यासारखं होतं. दोन पेनं वापरायची, एक नवं आणि एक शाई संपत आलेलं, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसत नाही. मधूनच एखादी खूण वाकडी करायची. आठ-दहा ‘शांत’नंतर एक ‘अस्वस्थ’ टाकायची. सगळीच माणसं सारखी शांत दाखवली तर खोटं वाटतं, असं तिचं म्हणणं. शेरेही लिहायची. जेवणाची गाडी खालच्या मजल्यावरून निघायच्या आधीच कुणी किती चपात्या खाल्ल्या ते तिच्या कागदावर असायचं.

मला हे ठाऊक होतं का? होतं. मी दहा वाजता कॉफी घेता घेता त्या सगळ्या पानांच्या तळाशी सह्या करायचे. नंतर वेळ मिळत नाही, हे माझं कारण.

या व्यवस्थेत न बसणारी एकच व्यक्ती होती, आमची आयाबाई. तिला सगळे अक्का म्हणत. पन्नाशीची, शहराबाहेरच्या आनेकलची, एजन्सीकडून लागलेली. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचं, घरी बोलतात ते मराठीच, पण कानडीत घोळलेलं. पहाटेची बस धरून यायची. तिला चादरी बदलायच्या, केस विंचरायचे, जेवू घालायचं, एवढं काम. पण ती एखाद्या पेशंटजवळ बसली की बसूनच राहायची. हातात काहीतरी असायचं, दोडक्याच्या शिरा नाहीतर कुणाच्या शर्टाचं बटण, आणि तोंड बंद. वर्षाच्या मूल्यमापनात मी तिच्यापुढे दोन वर्षं ओळीने ‘वेळेचं भान नाही’ असं लिहिलं होतं.

त्या आठवड्यात आमच्याकडे नागपूरची एक मुलगी होती. पंचविशीची, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतली. मैत्रिणींनी आणून दाखल केलं होतं. तीन दिवस ती नुसती रडत होती. पत्रकात तीन दिवस ‘अस्वस्थ’. चौथ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुतलं, आईशी फोनवर गोड बोलली, आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांकडे बघून हसली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला कारणही होतं, त्याच दिवशी आमचं ऑडिट होतं. हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र देणारी दोन माणसं अकरा वाजता यायची होती. पेशंटने नेमकं त्याच दिवशी बरं व्हावं, इतका समजूतदारपणा आमच्या वाट्याला फार क्वचित येई.

साडेदहाला अक्का माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. खांद्यावर एक शाल होती. ऑडिटच्या धावपळीत उशीर झाल्याने मी तेव्हा पत्रकांवर सह्या करत होते, तिच्याकडे नीट बघितलंही नाही. ती म्हणाली, “सिस्टर, त्या नागपूरच्या पोरीचं सांगायचं होतं.” मी म्हटलं, “अक्का, ऑडिट होऊ दे, मग बोलू.” ती “सरी”, म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ऑडिटचे पाहुणे त्या मुलीच्या खोलीत शिरले. मागे हॉस्पिटलचा क्वालिटी मॅनेजर, त्याच्या मागे मी, सीनियर नर्स पत्रक छातीशी धरून. खाटेवरची चादर घडी केलेली. खाट रिकामी.

पाहुण्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठे आहे. बाथरूममध्ये, असं नर्स म्हणाली. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. मी घाबरले. ते ऑडिटसाठी होतं की मुलीसाठी, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पहिला क्षण ऑडिटचाच होता, नाही म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्या क्षणी मात्र मुलगी डोळ्यांसमोर आली आणि मी सुपरवायझरला शोभणार नाही अशी पळत सुटले. मुख्य दाराला कुलूप होतं. जिन्याचं दार बंद होतं. खिडक्यांना जाळ्या होत्या. तरी मी एकेक खोली उघडून बघत गेले.

ती सापडली चादरींच्या खोलीत. जमिनीवर धुतलेल्या अभ्र्यांचा ढीग, अलीकडे अक्का, पलीकडे मुलगी, दोघी घड्या घालत होत्या. मुलगी रडत होती. चांगली हुंदके देऊन, नाक पुसत, पण घडी मोडू न देता.

मी अक्काला बाहेर बोलावलं आणि दबल्या आवाजात जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तीन दिवस रडत होती, तेव्हा मला भीती नव्हती. आज स्वल्प जास्तच शांत झाली. आईने दिलेली शाल मला देऊन टाकली, म्हणाली, आता मला नको. म्हणून तिला सोडली नाही.”

मी वीस वर्षं या धंद्यात आहे. नवीन पोरींना शिकवताना मीच फळ्यावर लिहिते की खूप रडणारं माणूस अचानक निवांत झालं, आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागलं, तर त्याच्याजवळून हलू नका. लिहिते, पुसते, आणि कॉफी प्यायला जाते. ती शाल साडेदहाला माझ्या नाकासमोर, अक्काच्या खांद्यावर होती.

डॉक्टर आले, ते दार लावून मुलीशी बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा बघून मला काही विचारावं लागलं नाही. आजपासून हिच्याजवळ सतत एक माणूस हवं, एवढंच म्हणाले.

तीन वाजता क्वालिटी मॅनेजरने मला बोलावलं. हा मुलगा पुण्याचा. चारचौघांत माझ्याशी इंग्रजीत बोलायचा आणि मॅडम म्हणायचा. काम काढायचं असलं की दार लावून मराठीत यायचा आणि मी ताई व्हायचे. त्या दिवशी मी आत पाऊल टाकल्याबरोबरच ताई झाले. त्याच्यापुढे ते पत्रक होतं. एव्हाना तीन वाजले होते, त्यामुळे भविष्यातलं सगळं होऊन गेलं होतं. सव्वाअकराला खाटेवर शांत. साडेअकराला खाटेवर शांत. एक वाजता अर्धी चपाती खाल्ली. तळाशी माझी सही. पत्रक नुसतं बघितलं तर दृष्ट काढावी असं.

“ताई, फाइल एकदम क्लीन आहे,” तो म्हणाला. “म्हणजे मिस्टेक एकच. सव्वाअकरा आणि साडेअकराच्या मध्ये आयाने कुणाला न सांगता पेशंटला हलवलं. तेवढा मेमो द्या. एजन्सी उद्यापासून दुसरी बाई पाठवेल. मॅटर क्लोज.”

खापर फोडायला त्याने डोकं छान निवडलं होतं. अक्काचं डोकं पत्रकात कुठेच नव्हतं. आणि मी काय केलं? मी टेबलाशी गेले आणि मेमो टाइप केला. इंग्रजीत तो सरसर उतरला. माझी सही त्या पानावर होती, आणि पान खरं ठरवायचं तर अक्काला खोटं ठरवणं भाग होतं. इतका हिशोबीपणा मला एरवी भाजी घेतानाही जमत नाही.

अक्का आली. कागद तिने उलटसुलट बघितला. इंग्रजी तिला येत नव्हतं. काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाली. मी मराठीत सांगायला लागले. तारीख सांगितली, वेळ सांगितली, खोलीचा नंबर सांगितला. “यात लिहिलंय, अक्का, की तुम्ही पेशंटला... कुणाला न...” आणि तिथे मी अडले. जे इंग्रजीत खाली मान घालून बोटांनी लिहिलं, ते घरच्या भाषेत, तिच्या तोंडाकडे बघून म्हणवेना. साडेदहाला ती सांगायला आली होती हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि दोघी त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलो होतो.

तिने मला त्यातून सोडवलं नाही. कागद सरळ केला आणि म्हणाली, “सरी. सही कुठं करू?” पेन उचललं. मग पेन तसंच धरून विचारलं, “उद्या त्या पोरीजवळ कोण बसणार?”

मी तिच्या हाताखालून कागद ओढून घेतला. मोठं धाडस वगैरे नव्हतं ते. मला स्वतःची लाज वाटली, एवढंच.

त्या संध्याकाळी मी दुसरा अहवाल लिहिला. दुपारी दोनपर्यंतच्या नोंदी सकाळीच केलेल्या असतात, सह्या मी दहा वाजता करते, हे असं बरेच महिने चाललंय, अक्का मला साडेदहाला सांगायला आली होती आणि मी तिला परत पाठवलं. मॅनेजरने तो अहवाल ‘लँग्वेज’ सुधारायला तीनदा परत पाठवला. तिन्ही वेळा मी भाषा सुधारली, मजकूर तोच ठेवला. शेवटी त्याच्या लक्षात आलं की अक्काला काढायचं तर माझा अहवाल सोबत जोडावा लागेल, आणि तो जोडला तर पाहुण्यांना पुन्हा बोलवावं लागेल. अक्का राहिली. तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून नव्हे, आपली झाकली मूठ उघडू नये म्हणून. मेमो मला मिळाला. सीनियर नर्सचं माझ्याशी बोलणं बंद झालं. मी पुन्हा मॅडम झाले ती आजतागायत.

मॅनेजरने जाता जाता एक अट मात्र घातली, की अक्का पेशंटजवळ बसणार असेल तर तिनेही पत्रक भरलं पाहिजे. ते तिला मी शिकवायचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चार रकाने समजावून सांगितले, खूण कशी करायची, सही कुठे. तिने शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं आणि पॅडला अडकवलेला कागद घेऊन मुलीच्या खोलीत गेली.

दहा वाजता कॉफी आली. मी ती टेबलावर ठेवून खोलीपर्यंत गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे उघडे. अंगावर तीच शाल. अक्का खाटेला लागून जमिनीवर बसली होती, एक हात शालीच्या काठावर. मी पत्रक मागितलं. पावणेदहाच्या ओळीत चारही रकाने कोरे होते. शेऱ्याच्या जागी तिने मोठ्या, गोल कानडी अक्षरांत लिहिलं होतं, ‘शांत आहे. म्हणून बसले आहे.’

मी घड्याळात बघितलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती. तेवढीच वेळ लिहिली, त्या एका ओळीखाली सही केली, आणि बाकीचं पान कोरंच ठेवून तिच्या हातात परत दिलं.