हळदीचं बोट लावलेली गोवरी

टोमॅटोच्या पानाला हात लागला की बोटांना हिरवट, उग्र वास येतो. साबणानंही तो लवकर जात नाही. राजुरीच्या आमच्या रानात मी तीस वर्षं त्या वासात वावरतोय. पण सकाळी कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून बोटं हुंगली, की मला ते रान दिसत नाही. दिसते आमच्या घराची मागची भिंत आणि तिच्यावर वाळत असलेली एक गोवरी.

आई परसातल्या गावरान टोमॅटोचं बी राखेत चोळून शेणात कालवायची. त्याची गोवरी भिंतीवर थापायची आणि वर हळदीचं बोट उमटवायची. ते बोट म्हणजे खूण, ही जाळायची नाही, पुढच्या पेरणीला ठेवायची. फळ चपटं, घड्याघड्यांचं. साल इतकी पातळ की ओंजळीतच फुटायचं. चुलीत भाजून, मीठ-मिरची घालून ती चटणी करायची, आणि भाकरी कधी संपली ते कळायचं नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मी घर रंगवायला काढलं. आई माहेरी गेली होती. रंगारी शिडी लावून उभा होता, शहरातले पाहुणे यायचे होते आणि नव्या गुलाबी भिंतीवर मला शेण नको होतं. मी गोवऱ्या उचकटल्या आणि बंबात घातल्या. हळदीचं बोट मला दिसलं होतं. दिसलं आणि तरी मी ती गोवरी आत सारली. त्या दिवशी अंघोळीचं पाणी छान तापलं.

आई आल्यावर पहिल्यांदा मागच्या भिंतीशी गेली.

"आरं, माझी बियाची गोवरी कुठंय?"

"रंगाच्या आधीच गळून पडली, भुगा झाला तिचा. तूच नीट थापली नसशील," मी म्हणालो.

ती आपल्या तळहातांकडं बघत राहिली. त्यानंतर तिनं कसलंच बी धरलं नाही. "माझ्या हातात आता काय ऱ्हायलं न्हाई," असं म्हणायची, आणि मी जेवत राहायचो.

रानात मी लावतो ते टोमॅटो जाड सालीचे. ट्रकमध्ये चार दिवस हिंदकळले तरी जसेच्या तसे. पण आई आता थकलीय, दोन घासांत ताट सारते. गेल्या हिवाळ्यात म्हणाली, "एकदा त्या टंबाट्याची चटणी खावीशी वाटती." म्हणून मी परसात चवीसाठी वेगवेगळी वाणं लावली. आळे गावच्या एका म्हातारीकडून चपटी, बांधावरची बोराएवढी, कृषी प्रदर्शनातून आणलेली पिवळी. पिकल्यावर ताटलीत फोडी मांडून आईसमोर ठेवल्या. बायको शेजारी शेंगा फोडत बसली होती.

आईनं पिवळी फोड चावली. "हे निस्तं गोड. लाडावलेल्या पोरासारखं."

बोराएवढं तोंडात टाकलं. "ह्याला चव हाय, पन गर कुठंय?"

चपट्याची फोड तिनं उलटसुलट करून बघितली, मग चावली. "दिसाया त्येच हाय," ती म्हणाली, "पन ह्ये न्हाई." मग माझ्याकडं बघून हसली. "ऱ्हाऊ दे. लई करतूस बाबा माझ्यासाठी."

ते मला सोसवेना. मी तिथंच सगळं सांगितलं. बंब, हळदीचं बोट, माझं खोटं. बायकोचे हात थांबले.

आई ताटलीतल्या फोडी एकीकडं सारत राहिली. "तवाच बोलला असतास तर," शेवटी ती म्हणाली. "आपल्याकडं तोडणीला डोंगरातल्या आहुप्याची बाई यायची ना, तिला मूठभर बी दिलं व्हतं म्या. पन मला वाटलं, माझ्याच हातानं नासलं. कंच्या तोंडानं परत मागायचं?"

बी जाळून एक हंगाम गेला असता. माझ्या गप्प राहण्यानं पंधरा वर्षं गेली.

दुसऱ्याच दिवशी आहुप्याला गेलो. डोंगरावर धुकं इतकं उतरलं होतं, की देवराईतली झाडं पाण्याखाली उभी असल्यासारखी वाटत होती. ती बाई आता राहिली नव्हती. सुनेनं विचारलं, "कशापायी पायजे, भाऊ?" तिलाही खरंच सांगितलं. आत जाऊन तिनं एक गोवरी आणली. वर हळदीचं बोट. माझ्या आईनं शिकवलेली खूण त्या घरानं मोडली नव्हती.

तिनं गोवरी मधोमध तोडली. "आर्धी मी ठिवते," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा, पुन्यांदा अंघूळ कराल."

मी हसलो. डोळे पुसले ते धुक्यामुळं, असं तिला वाटलं असेल.

घरी आल्यावर आईनं अर्धी गोवरी हातात घेतली नाही. पाण्याची वाटी पुढं केली. "तूच भिजव, तूच टाक."

आता रोपं गुडघ्याएवढी झालीत, पिवळी फुलं लागलीत. रानातली फवारणी मी परसाकडं येऊ देत नाही. सकाळी आई काठी टेकत येते, एक पान चुरगाळते आणि डोळे मिटून हुंगते.

"वास त्योच हाय," काल म्हणाली. "चव बघू."

मी भिंतीवर एक हात जागा मोकळी ठेवलीय. थापायला तीच येणार आहे.